घरात तीन भाषा, म्हणून मूल बोलत नाही का?

“मुलगा अडीच वर्षांचा होत आला, तरी पाच शब्दांच्या पुढे जात नाही. घरात तेलुगू, मराठी, शेजारी कन्नड; या सगळ्यात त्याचा गोंधळ होतो आहे का?” सोलापुरात हा प्रश्न घेऊन येणारे पालक मला सतत भेटतात. त्यांतील एका कुटुंबाचा अनुभव, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, येथे सांगते.

शहराच्या पूर्व भागातील हे पद्मशाली, म्हणजे तेलुगू भाषक विणकर समाजातील, कुटुंब. वडील यंत्रमागावर कामाला, आई घरी शिवणकाम करणारी, आणि दिवसभर मूल असते ते पूर्वी विड्या वळणाऱ्या आजीजवळ. आजी आणि वडील तेलुगू बोलतात, आईचे माहेर मराठी. मूल दोन वर्षांचे झाले तेव्हा नात्यातील एका जाणत्या माणसाने सल्ला दिला की घरात एकच भाषा ठेवा, नाहीतर मूल बोलणारच नाही. पुढे अंगणवाडी आणि शाळा मराठी, म्हणून मराठी ठरली, आणि सर्वांनी हा सल्ला मनापासून पाळला. आजीला मराठी समजते, बाजारहाट करण्यापुरती बोलताही येते. पण त्या भाषेत तिला नातवाला रागावता येत नाही, त्याची समजूत काढता येत नाही, गोष्ट तर नाहीच नाही. तोंडून चुकून तेलुगू शब्द जाईल या धास्तीने ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. तो रडू लागला की मोबाइलवर मराठी बालगीते लावून देणे एवढेच तिच्या हाती उरले.

पहिल्या भेटीत मी मुलाशी मराठीतच बोलले, चित्रे दाखवली, आणि आईने सांगितलेले पाच शब्द वहीत लिहून घेतले. ही माझी चूक होती. दुसऱ्या भेटीला मी आजींना मुद्दाम बोलावले आणि पूर्वी बोलत होता तसेच बोला, अशी विनंती केली. त्यांनी आधी सुनेकडे पाहिले. सुनेने मान हलवल्यावर त्या हळूच “रा” (ये) म्हणाल्या, आणि इतका वेळ खुर्चीखाली बसलेला मुलगा सरळ त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. आजींनी तेलुगूत सांगितल्याप्रमाणे त्याने चेंडू आणला, रिकामा पेला आईच्या ओठांना लावून तिला खोटेखोटे पाणी पाजले. पाण्याला तो “नीळ्ळू” म्हणत होता, दुधाला “पालू”, जेवणाला “बुव्वा”. दोन्ही भाषा धरून मोजले तेव्हा सव्वीस शब्द भरले. अशा मुलाचे शब्द सर्व भाषांतील एकत्र मोजावे लागतात. “पाणी” आणि “नीळ्ळू” हे त्याचे दोन शब्द होतात.

एकाहून अधिक भाषा कानावर पडल्याने मुलाचे बोलणे खुंटत नाही. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द मिसळणे हाही गोंधळ नव्हे. मुलाला त्या क्षणी जो शब्द हाताशी सापडतो तो ते वापरते. तरीही “मग काळजी नाही, मुलगे उशिराच बोलतात” असे मी त्या आईला सांगितले नाही. दोन वर्षांच्या आसपास सुमारे पन्नास शब्द आणि “आई ये”, “दूध दे” अशी दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते, आणि त्या मानाने सव्वीस शब्द कमीच आहेत. घरातल्यांनी वेखंड उगाळून चाटवले होते. त्याने वाचा येत नाही, आणि त्यात जातात ते महिने मोलाचे असतात.

म्हणून प्रथम कानांची तपासणी करून घेतली. दार आपटले की मूल वळून पाहते, एवढ्यावरून त्याला नीट ऐकू येते असे ठरत नाही. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठले, तर मोठा आवाज कळतो पण “स”सारखे हलके ध्वनी निसटतात. या मुलाचे ऐकणे ठीक निघाले. तो बोटाने वस्तू दाखवत होता, हाकेला वळत होता, नजरेला नजर देत होता, ही दिलासा देणारी चिन्हे होती. ती नसतील, किंवा आलेले शब्द मूल विसरू लागले असेल, तर एक दिवसही थांबू नये. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची तपासणी होते आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा स्तरावर पाठवले जाते. पालकांनी तो मार्ग हक्काने वापरावा.

त्यानंतर वाचा उपचारतज्ज्ञांकडे जाणे सुरू झाले. घरी मात्र आम्ही एकच मोठा बदल केला: आजींना त्यांची भाषा परत दिली. “हे काय? म्हण बघू” अशी परीक्षा सर्वांनी थांबवली. मूल ज्याच्याकडे पाहते त्याचे नाव घ्यायचे, मग मनात पाचपर्यंत मोजून त्याच्या उत्तराची वाट पाहायची, आणि ते “गाडी” म्हणाले की “गाडी गेली” असे एक पाऊल पुढचे वाक्य त्याला द्यायचे. भाकरी थापताना पिठाचा एक गोळा त्याच्या हाती द्यायचा आणि दोघांच्याही हातांबद्दल बोलायचे. शेजारच्या मागांचा खडखडाट दिवसभर घरात येतो, म्हणून बोलणे आतल्या खोलीत, समोरासमोर बसून. जेवताना मोबाइल बंद झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर एक तास मोबाइल-टीव्हीचा पडदा चालतो, आणि त्याहून कमी असेल तितके चांगले. परंतु मला तासांहून महत्त्वाचे वाटते ते हे, की पडदा मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही, आजी थांबते.

वडिलांना हे पटायला वेळ लागला. “तेलुगूच बोलत राहिला तर अंगणवाडीत त्याचे कसे होणार?” ही त्यांची भीती खरी होती, कारण लहानपणी वर्गात मराठी न आल्याने ते स्वतः रडले होते. मी त्यांना सांगितले की मराठी त्याला आईकडून मिळतेच आहे, अंगणवाडीतही मिळेल, आणि एका भाषेत संवादाची गोडी लागलेले मूल दुसरी भाषा रित्या हातांनी शिकायला जात नाही.

चार महिन्यांनी ते पुन्हा आले तेव्हा मुलाने माझ्या टेबलावरील तांब्याकडे बोट दाखवले आणि “नीळ्ळू दे” म्हणाला. आईने सवयीने “पाणी म्हण” असे म्हणायला तोंड उघडले, मग थांबली, आणि पेला भरत म्हणाली, “नीळ्ळू हवे? घे, थंड पाणी.” उपचारतज्ज्ञांकडे जाणे अजून सुरू आहे, तीन वर्षे पूर्ण झाल्यावर आम्ही दोन्ही भाषांत पुन्हा मोजणी करणार आहोत, आणि त्या दिवशी आजी सोबत असतील.