पत्र्याला आतून घाम फुटला की...
(परसातल्या कोंबड्या आणि थंडी : प्रश्नोत्तरे)

डिसेंबर लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांमधून खत, गोचीड, दूध सगळं मागे पडतं आणि कोंबड्या पुढे येतात. यंदाची काही पत्रं इथे घेतली आहेत. मजकूर आटोपशीर केलाय, नावं काढलीत, गावं मात्र ठेवलीत. कारण थंडीचं उत्तर गावाप्रमाणे बदलतं.

घरामागे १८ कोंबड्या आहेत, निम्म्या वनराज, निम्म्या गावरान. गारठा वाढल्यावर खुराडं चारी बाजूंनी प्लॅस्टिकच्या कागदाने बंद केलं. तरी सकाळी कोंबड्या घरघरतात, दोघींच्या डोळ्यांत फेस येतो. अजून काय झाकू? (निफाड)

काही झाकू नका. झाकलेलं थोडं काढा.

निफाडची थंडी मला माहीत आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांखाली गेला की दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत बातमी असते. पण पूर्ण पिसांची मोठी कोंबडी तेवढी थंडी काढते. तिच्या अंगाचं तापमानच ४१-४२ अंश असतं. रात्री ती पिसं फुलवून बसते, पिसांत हवा धरून ठेवते आणि त्या हवेची गोधडी करून झोपते. ही गोधडी दोनच गोष्टींनी निकामी होते. एक ओल आणि दुसरी थेट अंगावर येणारी झुळूक.

आता तुमच्या खुराड्यात ओल कुठून आली? हिशोब करा. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. तिला घाम येत नाही, त्यामुळे अंड्यात जाईल तेवढं सोडून बाकीचं पाणी श्वासातून आणि विष्ठेतूनच बाहेर पडतं. १८ कोंबड्यांचं ते तीन-चार लिटर होतं आणि त्यातलं बरंच रात्री, खुराड्यातच. तुम्ही कागद लावून ते आत कोंडलंत. सकाळी पत्र्याला आतून हात लावून बघा, ओला लागेल. तेच पाणी थेंबाथेंबाने कोंबड्यांच्या पाठीवर आणि तुसावर पडतं. ओल्या तुसातून अमोनिया सुटतो. आपण उभ्याने डोकावतो म्हणून तो कळत नाही. पहाटे दार उघडून उकिडवे बसा आणि नाक कोंबडीच्या उंचीवर न्या. डोळे चुरचुरले तर तिच्या डोळ्यांतल्या फेसाचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

मीही एका वर्षी हेच केलं होतं. गारठ्याला घाबरून खुराडं डबाबंद केलं आणि दोन चांगल्या तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्या) गमावल्या. वर दोष थंडीला दिला.

करायचं ते असं. पडदा वरून खाली सोडायचा नसतो, तळाशी ठोकून खालून वर ओढायचा असतो. कोंबड्या बसतात त्या दांडीच्या वर हातभर येईपर्यंत तो घट्ट हवा. त्याच्या वर, छपराखाली, दोन्ही बाजूंना वीतभर फट रात्रभर उघडी ठेवा, मुंगूस शिरणार नाही अशी जाळी मारून. उत्तरेचा वारा बोचत असेल तर त्या बाजूची फट लहान करा, पण बुजवू नका. प्लॅस्टिकपेक्षा बारदान बरं. खाली चार-पाच इंच कोरडा तूस टाका आणि आठवड्यातून दोनदा खालवर करा. मूठभर तूस दाबून बघायचा. गोळा होऊन तसाच राहिला तर ओला आहे, बदला. मूठ उघडल्यावर सुटला तर ठीक.

हे करून चार दिवसांत घरघर थांबली नाही तर त्या दोघींना वेगळं ठेवून पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. हिरवी पातळ हगवण, मान मुरगळणे, तोंड उघडून धाप लागणे असं दिसलं तर चार दिवसही थांबू नका, ती मानमोडी असू शकते. आणि नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्याकडे तुमच्या कोंबड्या चरायला जात असतील तर हिवाळाभर तेवढं टाळा. बाहेरून आलेल्या बदकांचं आणि त्यांचं पाणी एक नको. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लूने काय झालं ते आपल्या भागातल्या कोंबडीवाल्यांना सांगायला नको.

रात्री खुराड्यात शेगडीत निखारे ठेवतो. चालेल ना? (चिखलदरा)

नाही. आजपासून बंद. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि पक्ष्याची फुप्फुसं हवेतलं सगळं आपल्यापेक्षा भराभर ओढून घेतात. पूर्वी कोळशाच्या खाणीत पिंजऱ्यातला पक्षी न्यायचे तो याच कारणासाठी. शिवाय खाली तूस, वर गवत. ठिणगी कुठे पडेल याची खात्री नाही.

ऊब बाहेरून देण्यापेक्षा कोंबडीच्या पोटातून द्या. दिवस मावळायच्या आधी, नेहमीच्या खाद्यावर, प्रत्येकीला अर्धी मूठ अख्खा किंवा जाडसर भरडलेला मका टाका. मका नसेल तर ज्वारी, बाजरी. गळ्यातली दाण्यांची पिशवी भरून कोंबडी दांडीवर बसते, ते दाणे रात्रभर दळले जातात आणि अंग तापतं. सकाळी मात्र मका देऊ नका, नुसती चरबी वाढते. पत्र्याचं छप्पर असेल तर वर गवताचा जाड थर बांधा. उघडा पत्रा रात्री आभाळाकडे सगळी ऊब सोडून देतो.

कोंबडीला स्वेटर घातला तर चालेल का? मी आजीकडून विणून घेतलाय. (इयत्ता सहावी, सटाणा)

आजीला नमस्कार सांग. स्वेटर कोंबडीला घालू नकोस. त्याने पिसं दबतात आणि वर सांगितलेली हवेची गोधडीच जाते. आत उवा होतात ते वेगळंच. तो स्वेटर मांजराला बसतोय का बघ. मांजरही ठेवणार नाही म्हणा अंगावर.

गिरिराजाची एक दिवसाची ५० पिल्ली आणली. तीन रात्रींत १४ मेली. सकाळी कोपऱ्यात एकावर एक ढीग असतो. वर बल्ब चोवीस तास चालू आहे, १२ वॉटचा. रोग कोणता? (परभणी)

रोग नाही. तुमचा बल्ब एलईडी आहे.

या एका कारणाने गेल्या काही वर्षांत किती पिल्ली गेली असतील, देव जाणे. जुना तारेचा बल्ब उजेड कमी आणि उष्णता जास्त देत असे, तोच आपला ब्रूडर होता. एलईडी उजेड देतो, ऊब जवळपास नाहीच. पिल्लांना दिसतं पण गरम होत नाही. मग ती एकमेकांत घुसतात आणि खालची गुदमरून मरतात.

पिल्लांना अंगावरची लव असते, पिसं नसतात. पहिल्या आठवड्यात त्यांच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३५ अंश लागतात. पुढे दर आठवड्याला तीन-एक अंश कमी करत जायचं. हिवाळ्यात चार-पाच आठवडे ऊब द्यावी लागते, उन्हाळ्यासारखं दोन आठवड्यांत भागत नाही. ढोबळ हिशोब एका पिल्लामागे दोन वॉट. म्हणजे तुम्हाला तारेचा १०० वॉटचा बल्ब, आणि एक उडाला तर अंधार होऊ नये म्हणून ६०-६० चे दोन असले तर उत्तम. दुकानात मिळाले नाहीत तर ब्रूडरचा खास उष्णतेचा दिवा घ्या, पण तो तुसापासून दीड-दोन फूट वर साखळीने टांगा, नुसत्या वायरीवर नाही.

पुठ्ठ्याचा दीड फूट उंचीचा गोल कठडा करा. गोलच, कारण कोपरा असला की ढीग होतो. खाली तूस, त्यावर पहिले तीन दिवस वर्तमानपत्राचा कागद. थर्मामीटर नसला तरी अडत नाही, पिल्ली सांगतात. दिव्याखाली गच्च गोळा होऊन किरकिरत असतील तर गार आहे. कठड्याला चिकटून चोच उघडी ठेवून बसली तर गरम. सगळी एकाच बाजूला गेली तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. पसरून खात-पीत-झोपत असतील तर तुम्हीही झोपा. भारनियमनाची रात्र असेल तर पाण्याच्या बाटल्या गरम पाण्याने भरून, फडक्यात गुंडाळून आत ठेवा आणि कठड्यावर बारदान अर्धं ओढा. अर्धंच.

उरलेल्या ३६ जणांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा (मानमोडीवरच्या लसीचा) थेंब डोळ्यात द्यायला विसरू नका. पण गारठलेल्या पिल्लाला नाही. आधी ऊब, मग लस.

दिवाळीपर्यंत रोज ९-१० अंडी होती, आता दोन-तीन. थंडीने अंडी आटतात का? (कराड)

थंडीने थोडी, दिवस लहान झाल्याने जास्त. कोंबडी अंडं घालते ते उजेड मोजून. भरपूर अंड्यांसाठी तिला १४ ते १६ तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. इथे एलईडी चालतो, कारण काम उजेडाचं आहे. पहाटे तीन तास लावा. संध्याकाळी लावून एकदम बंद केला तर कोंबड्या जमिनीवरच राहतात, अंधारात दांडी सापडत नाही.

त्याआधी खुराड्यात पिसं किती पडलीत ते बघा. खूप असतील तर कोंबड्या पिसं बदलतायत. मग दिव्याची घाई करू नका. पीस बहुतांशी प्रथिनांचं असतं, त्यामुळे सुकटीचा चुरा, शेंगदाण्याची पेंड (बुरशी नसलेली) वाढवा आणि महिना-दोन महिने दम धरा. गावरान कोंबडीला तर मी दिवा लावतच नाही. तिला वर्षातून थोडी सुट्टी मिळाली तर माझं काही बिघडत नाही.

तोरणमाळला कोंबड्या करायच्या आहेत. कडकनाथ, असील की आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड)? (शहादा)

थंडीपुरतं विचाराल तर आरआयआर. अमेरिकेच्या ज्या ऱ्होड आयलंडवरून तिचं नाव पडलं तिथे बर्फ पडतो, पिसं दाट आहेत. असीलचा तुरा बारीक, तो गारठ्यात सोयीचा, पण पिसं तोकडी आणि अंगाला चिकटून. कडकनाथ झाबुआ-धारचा, सातपुड्याच्या पलीकडचाच, त्यामुळे जमेल. एकच लक्षात ठेवा, त्याचा तुरा मुळात काळसर, म्हणून आजारी पडल्यावर तुरा निळसर झाला हे त्याच्यात कळत नाही. खाणं आणि विष्ठा यांवर लक्ष हवं. उघड्या मानेच्या कोंबड्या मात्र डोंगरावर नेऊ नका, त्या उन्हाळ्यासाठीच्या.

इथे उणे २० होतं. कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं काळी पडली. हीटर लावू? (ओंटारिओ, कॅनडा)

टोकं गोठून मेली आहेत. चोळू नका, कापू नका. काही आठवड्यांत वाळून आपोआप गळतील. आश्चर्य वाटेल, पण निफाडच्या पत्राचं उत्तर तुम्हालाही तसंच लागू आहे. कोंडलेल्या दमट हवेत तुरा लवकर गोठतो. वरची हवा खेळती ठेवा. दांडी गोल नको, चार-एक इंच रुंद, सपाट हवी, म्हणजे कोंबडी पायाच्या बोटांवर पोट टेकून बसते. पाणी न गोठण्यासाठी खाली गरम होणारं भांडं घ्या. उष्णतेच्या दिव्याने तिकडे दर हिवाळ्यात खुराडी जळतात, म्हणून तो मोठ्या कोंबड्यांना नकोच.

पुढच्या वेळी जात निवडताना तुमच्याच देशातली शाँतक्लेर बघा. क्यूबेकमधल्या ओकाच्या मठातल्या एका ब्रदरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मुद्दाम तयार केली, गोठायला तुराच नको म्हणून. तिचा तुरा बटणाएवढा असतो.

कोंबडी खुडूक झालीय. थंडीत अंडी बसवू का? नेहमी १३ बसवते. (अकोले)

बसवा, आजी. डालग्यात खाली राख नको, सुकं गवत जाड घाला आणि डालगं चुलीच्या भिंतीला ठेवा. पण या दिवसांत १३ नको. कडेची अंडी तिच्या पोटाबाहेर राहतात, रात्री गार पडतात आणि ती आत-बाहेर फिरवते तशी एकेक करून सगळीच बिघडतात. नऊ ठेवा. आणि ती खायला उठेल तेव्हा वरून जुनं लुगडं टाका.