गिटारच्या चिरा आणि मोडायला काढलेली एफडी

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका शिक्षिकेने लिहिलंय: "मामांनी १९८० च्या दशकात अमेरिकेहून आणलेली अकूस्टिक गिटार माझ्याकडे आहे. शाळा सुटल्यावर घरीच क्लास घेते, त्याचे महिन्याला नऊ हजार मिळतात. एप्रिलमध्ये गिटार दुपारभर गाडीच्या डिकीत राहिली आणि तिथून थेट एसी हॉलमध्ये गेली. आठवड्याभरात पुढच्या फळीवर जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसल्या. दुरुस्तीवाला म्हणतो, जुना लॅकर खरवडून सगळी नव्याने पॉलिश करू, चोवीस हजार. उद्यमनगरात गाड्या रंगवणारा ओळखीचा आहे, तो चार हजारांत स्प्रे मारून देतो म्हणतो. ह्यांचं म्हणणं, जुनी काढून टाक आणि ७२ हजारांची नवी बिनव्याजी हप्त्यावर घे. घरखर्चात माझा वाटा महिन्याला २८ हजारांचा. माझी एक लाख वीस हजारांची एफडी आहे, ती मोडू का? आणि ठरेपर्यंत वाजवू की नको?"

ताई, एफडीला हात लावू नका. उद्यमनगरच्या पाहुण्यालाही चहा पाजून परत पाठवा.

पैशाचं नंतर बोलू. आधी नुकसान कशाचं झालंय ते बघू, कारण चोवीस हजार कशासाठी मागतायत हे अजून कोणी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. तडा लाकडाला गेलाय की नुसत्या लॅकरला, म्हणजे वरच्या चकचकीत थराला? अमेरिकन जुन्या गिटारींवर बहुधा नायट्रोसेल्युलोज लॅकर असतो. आपले सुतार ज्याला 'एनसी' म्हणतात, त्याच जातीचा. हा थर वर्षं जातील तसा कडक आणि ठिसूळ होतो. खालचं लाकूड मात्र हवेतली ओल पिऊन फुगत राहतं, कोरड्यात आकसतं. तापलेल्या डिकीतून एकदम गारठ्यात नेल्यावर लाकडाबरोबर हलणं लॅकरला जमलं नाही आणि तो फाटला. चाळीस वर्षांच्या वाद्याला हे व्हायचंच. आवाजात त्याने फरक पडत नाही. गंमत अशी की गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीच्या मर्फी लॅबमध्ये कोऱ्या गिटारींवर मुद्दाम अशा चिरा पाडतात आणि त्या नेहमीच्या गिटारींपेक्षा महाग विकतात.

लाकूड फुटलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. जाळ्यासारख्या किंवा लाकडाच्या रेषांना आडव्या जाणाऱ्या चिरा बहुतेक वेळा लॅकरच्याच असतात. रेषेला धरून सरळ गेलेली एकच लांब चीर, विशेषतः ब्रिजच्या (तारा जिथे फळीला अडकवतात त्या पट्टीच्या) मागे किंवा फ्रेटबोर्डच्या (बोटं दाबायच्या पट्टीच्या) कडेला, संशयाची. रविवारी रात्री खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च भोकातून आत धरा आणि बाहेरून बघा. चिरेतून उजेड दिसला तर लाकूड गेलंय. न दिसला तरी छोटा आरसा आत सरकवून फळीची आतली बाजू तपासा, कारण घट्ट मिटलेल्या चिरेतून उजेड येत नाही. नखाने चीर चाचपडा, ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतो का बघा. ब्रिज फळीला सरसाने चिकटवलेला असतो आणि बंद गाडीत उन्हाने तो सरस मऊ पडतो, त्यामुळे माझ्या मते चिरांपेक्षा ब्रिजची काळजी जास्त करायला हवी.

लाकूड फुटलेलं निघालं तर तिथे खर्च करायचाच. आतून लाकडाच्या छोट्या टिकल्या सरसाने चिकटवून चीर बांधतात. सगळी गिटार खरवडावी लागत नाही. लेखी अंदाज घ्या आणि दुसऱ्या कारागिरालाही दाखवा. मिरज आपल्यापासून तासाभरावर. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या हातांना लाकूड कळतं. पण सतारीची तबली, म्हणजे तिची पुढची फळी, वेगळी आणि स्टीलच्या तारांचा ताण झेलणारी गिटारची फळी वेगळी. 'आधी गिटार उघडली आहे का?' हे विचारल्याशिवाय कुणाच्याही हातात देऊ नका. पाहणीचे पाचशे-हजार कोणी मागितले तर खुशीने द्या. या सगळ्या प्रकरणात मला पटलेला पहिला खर्च तो.

नुसता लॅकर फाटला असेल तर चोवीस हजारांत तुम्हाला काय मिळणार? चकाकी. आणि जाणार काय? जुन्या गिटारीचा मूळ थर काढला की विकताना तिची किंमत चांगलीच पडते. गिऱ्हाईक 'ओरिजिनल आहे का' हेच आधी विचारतं. घासताना लाकूडही जातं, आणि पुढची फळी असते जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड. म्हणजे पैसे मोजून तुम्ही वस्तूची किंमत कमी करून घेणार. चार हजारांचा गाडीचा स्प्रे तर त्याहून वाईट. तो जाड बसतो, फळी मोकळी थरथरत नाही, आवाज दबतो. बंपरला ते चालतं.

आता यजमानांचा मुद्दा. ७२ हजारांचे बारा हप्ते धरले तर महिन्याला सहा हजार. क्लासच्या नऊ हजारांतले सहा गेले. मे महिन्यात पोरं गावाला गेली की तो हप्ता पगारातूनच जाणार. शिवाय 'बिनव्याजी' हा शब्द दुकानाच्या पाटीवरच बरा. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. होतं असं की बँक व्याज लावते आणि तेवढीच रक्कम दुकानदार किमतीतून वळती करतो. १५ टक्के दर धरला तर ते व्याज साडेपाच हजारांच्या आसपास येतं. क्रेडिट कार्डावर घेतलंत तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे हजारभर रुपये, तुमच्याच माथी, वर प्रोसेसिंग फी. रोखीने घेणाऱ्याला घासाघीस करता येते, ती संधीही जाते. मामांची गिटार नीट वाजत असताना दुसरीवर ७२ हजार घालायचं कारण मला दिसत नाही. उद्या दुरुस्तीपलीकडे गेलीच, तर तेव्हा क्लासच्या पैशातून दरमहा तीन हजारांची आरडी लावून दोन वर्षांनी रोखीने घ्या.

एफडी मुदतीआधी मोडली तर बँक जितके दिवस पैसे ठेवले तेवढ्याच दिवसांचा दर देते आणि त्यातूनही साधारण अर्धा ते एक टक्का कापते. तो तोटा मी एक वेळ सोसेन. पण घरखर्चातला तुमचा वाटा २८ हजार म्हणता, त्या हिशेबाने ही एफडी म्हणजे जेमतेम चार महिन्यांची शिदोरी. ती चकाकीसाठी नाही.

पैसे घालायचेच असतील तर हवेवर घाला. तीन-चारशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक आणून गिटारच्या पेटीत, म्हणजे केसमध्ये, ठेवा. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये राहिला की लाकूड सुखात. आपल्याकडे आषाढ-श्रावणात तो सहज ऐंशीच्या वर चढतो, तेव्हा केस बंद आणि आत सिलिका जेल. उन्हाळ्यात उलटं, केसमध्ये ओल्या स्पंजची सच्छिद्र डबी, पाणी ठिबकणार नाही अशी. गार गाडीतून किंवा हॉलमधून आल्यावर केस लगेच उघडू नका, तासभर तशीच राहू दे. सिलिकॉनचं चमकदार पॉलिश मात्र आणू नका. ते चिरांत शिरतं आणि पुढे खरी दुरुस्ती करायची वेळ आली की नवा लॅकर धरत नाही.

आणखी एक. तुम्ही शाहूपुरीत राहता, २०१९ आणि २०२१ चा पूर मी तुम्हाला काय सांगणार! चिरांपेक्षा पंचगंगेचं पाणी या गिटारला मोठं संकट. घर स्वतःचं असेल तर 'भारत गृह रक्षा' पॉलिसी बघा. इमारतीच्या विम्याच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाचं संरक्षण तिच्यात आपोआप मिळतं. घर भाड्याचं असेल तर फक्त सामानाचा विमा घेता येतो. मात्र गिटारवर तुम्ही कमाई करता, त्यामुळे ती घरगुती सामानात धरणार का, हे कंपनीकडून लेखी घ्या. झिजेने किंवा हवामानाने पडलेल्या चिरांचा दावा सहसा मंजूर होत नाही, तो नाद सोडा.

शेवटचा प्रश्न, वाजवू की नको. ब्रिज उचललेला नसेल आणि लाकूड शाबूत असेल तर उद्यापासून क्लास चालू करा. ब्रिजखाली कागद सरकला तर त्याच दिवशी तारा सैल करा आणि दुरुस्ती होईपर्यंत मुलांच्या गिटारीवर शिकवा. चिरांशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून आज एक फोटो काढा, दसऱ्याला पुन्हा त्याच जागेचा काढा. चीर नाण्याच्या मानाने लांबली असेल तर दोन्ही फोटो घेऊन कारागिराकडे जा.