५० हजार भरून सीट धरून ठेवू का, मॅडम?

इंजिनीअरिंगच्या सीईटीचा रिझल्ट लागला की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, कॉलेज चांगलं बघायचं की ब्रँच. आणि त्याच्या मागोमाग दुसरा, जरा आवाज खाली आणून, मॅनेजमेंटची सीट आत्ताच धरून ठेवू का. खरं सांगायचं तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा या दुसऱ्या प्रश्नानेच बिघडतं, म्हणून माझ्याकडे ॲडमिशनच्या सल्ल्यासाठी आलेली ही केस लिहितेय. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

लातूरकडचं कुटुंब. मुलगी ओबीसी, बारावी तिकडेच झालेली, पर्सेंटाइल ९० च्या पुढे पण ९५ च्या आत. वडिलांचं छोटं दुकान, उत्पन्न ८ लाखांच्या बरंच खाली. पुण्यातल्या एका कॉलेजचा कुणीतरी एजंट रोज फोन करत होता. वडील बसल्या बसल्या म्हणाले, "मॅडम, उद्यापर्यंत ५० हजार भरले नाहीत तर कॉम्प्युटरची सीट जाईल म्हणतेत."

मी म्हटलं, दादा, कॅप राउंड (सरकारी केंद्रीय ॲडमिशनची फेरी) अजून सुरूही झालेला नाही, आणि तुम्ही पैसे कशाचे भरताय?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण एजंट ती कधीच सांगत नाही. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण ॲडमिशन कॅपमधून झालेली असेल तरच. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलने (कॉलेज स्वतः भरतं त्या जागेवर) गेलात की माफी गेली, मग चार वर्षांची पूर्ण फी खिशातून. म्हणजे हे दादा ५० हजार देऊन आपल्याच पोरीची फीमाफी घालवायला निघाले होते! हां, डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस हे माफीत येत नाही, तेवढा हिशोब घरी करायलाच लागतो.

"पण कॅपमधून पुण्यात मिळतच नाही ना," वडील म्हणाले आणि मोबाईलवर मागच्या वर्षीची कटऑफची पीडीएफ दाखवली. बघते तर ते जीओपेनएच चा कॉलम वाचत होते. जी म्हणजे जनरल, ओपन म्हणजे ओपन, शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, बारावी ज्या विद्यापीठाच्या भागात झाली ती. यांची होम युनिव्हर्सिटी नांदेडची, म्हणजे पुणे विद्यापीठाखालच्या कॉलेजात ही मुलगी ओ मध्ये बसते, अदर दॅन होम, आणि मुलगी असल्यामुळे पुढे एल, म्हणून हिचा खरा कॉलम एलओबीसीओ. शेवटी एस असेल तर ती राज्यस्तराची जागा, तिथे होम-बिम काही नाही. आम्ही बसून प्रत्येक कॉलेजचा बरोबर कॉलम काढला, तर काही ठिकाणी आरामात बसत होतं आणि एका ठिकाणी उलट वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. चालायचंच, पण निदान आकडा आपला तरी आहे.

आता ब्रँच. मुलीला विचारलं कॉम्प्युटरच का, तर म्हणाली सगळेच घेतायत. चिडायचं कारण नाही, १७-१८ व्या वर्षी असंच असतं. मी तिला कॉम्प्युटर आणि ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) दोन्हीचा सेकंड आणि थर्ड इयरचा सिलॅबस उघडून दिला, विद्यापीठाच्या साइटवर असतो, आणि म्हटलं नुसती विषयांची नावं नको, युनिटमध्ये काय आहे ते वाच आणि जिथे हे शिकायला आवडेल वाटतं तिथे टिक कर. तास दीड तास एकटीच बसली होती. ईएनटीसीला टिक-मार्क जास्त आले, फिजिक्स आवडायचं म्हणे, कॉम्प्युटरमध्येही बरेच होते. म्हणजे तिला "फक्त कॉम्प्युटर" नको होतं, ते व्हॉट्सॲप ग्रुपला हवं होतं.

वडिलांचा जीव नोकरीत अडकलेला, तेही बरोबरच आहे. त्यांना कॉलेजच्या ब्रोशरमधला हायेस्ट पॅकेजचा फोटो बाजूला ठेवायला सांगितला (तो एकाच पोराचा असतो, बाकीच्यांचं काय झालं ते त्यात नसतं). जी कॉलेजं एनआयआरएफ मध्ये (केंद्र सरकारचं कॉलेज रँकिंग) भाग घेतात त्यांनी तिथे दिलेला डेटा त्यांच्या वेबसाइटवर असतो, त्यात किती मुलं पास झाली, किती प्लेस झाली, किती पुढे शिकायला गेली आणि मीडियन सॅलरी (बरोबर मधल्या मुलाचा पगार) किती हे लिहिलेलं असतं. एनबीए, म्हणजे कोर्सच्या दर्जाची मान्यता, ब्रँचप्रमाणे मिळतं, ते त्या ब्रँचला आहे का तेही बघायचं. आणि जमलं तर कॉलेज चालू असताना गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर थर्ड इयरच्या पोरांना विचारायचं, प्रॅक्टिकल होतात का. वडील खरंच गेले, आणि एजंटवालं कॉलेज त्यांनी स्वतःच लिस्टमधून उडवलं.

राहिला ऑप्शन फॉर्म, कॅपमध्ये कॉलेज-ब्रँचचा पसंतीक्रम भरतात तो. दादांनी तो कटऑफच्या चढत्या क्रमाने, सहज मिळेल ते वर, असा लावला होता. अहो, वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातातून जात नाही, तिथे बसलं नाही तर सिस्टीम पुढच्या ऑप्शनला जाते, मग तुम्हाला आवडतं त्या क्रमाने भरा ना! फक्त पहिल्या राउंडला पहिलाच ऑप्शन लागला तर तो ऑटो फ्रीझ होतो, म्हणजे तोच पक्का, पुढच्या राउंडला बदलता येत नाही, म्हणून एक नंबरला "बघू तर लागतंय का" असलं काही टाकायचं नाही. आमच्या फॉर्मला वर चांगल्या कॉलेजांचं कॉम्प्युटर आणि ईएनटीसी आलं, त्याखाली नांदेड आणि संभाजीनगर, आणि अनोळखी कॉलेजचं कॉम्प्युटर एकदम तळाला. माझ्या मते ब्रँच की कॉलेज हे असं एकेका जोडीला विचारायचं असतं, हे कॉम्प्युटर की ते ईएनटीसी, सरसकट उत्तर मी कुणालाच देत नाही.

तिला दुसऱ्या राउंडला ईएनटीसी मिळालं, पुण्यातच. वडिलांचा मेसेज आला तर मी लगेच विचारलं, जातीची व्हॅलिडिटी आणि नॉन क्रिमीलेअर सर्टिफिकेट जमा केलं का, फीमाफीसाठी महाडीबीटीचा (सरकारी शिष्यवृत्तीचं पोर्टल) फॉर्म भरला का. व्हॅलिडिटी होती. महाडीबीटी? "ते काय असतंय मॅडम?" मग पुढचा अर्धा तास फोनवर तेच.