तारकर्लीजवळ चार खोल्यांचं होमस्टे सुरू करतोय. बुकिंग घेण्याआधी पाहुणे पारखायचे कसे?

फोनवर बोला. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं ‘रेट?’ विचारणाऱ्यालाही उलट फोन लावा. माणसं किती, मुलं किती, पोचणार कधी, जेवण शाकाहारी की मासे, एवढं विचारलं की दोन मिनिटांत अंदाज येतो. सहा जण सांगून अकरा जण उतरवणारे बहुधा पहिल्याच प्रश्नाला अडखळतात. दारू, स्पीकर, रात्री दहानंतरचा गोंगाट यांचे नियम तेव्हाच सांगा आणि मग मेसेजवरही पाठवा. निम्मे पैसे आगाऊ मागा. हुल्लडबाज गट इथेच गळतात.

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं बघा, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नको. आधार घेतलंत तर शेवटचे 4 आकडेच दिसणारी प्रत घ्या. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती आल्यापासून 24 तासांत सरकारी पोर्टलवर भरावी लागते. ‘आमचं तर घरच आहे’ ही सबब चालत नाही.

पण पारखणं म्हणजे जात-धर्म विचारणं नव्हे. संविधानाच्या कलम 15(2) नुसार त्यावरून हॉटेलात प्रवेश नाकारता येत नाही. आडनाव ऐकून ‘फुल आहे’ म्हणणारे आमच्या गावातही आहेत, मला ते अजिबात पटत नाही. लग्न न झालेल्या जोडप्याला खोली देऊ नये असाही कायदा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने 2019 मध्ये हेच सांगितलं. दोघंही 18 वर्षांवरचे आहेत ना, ते मात्र ओळखपत्रावर नीट बघा.