मानसोपचाराची केस जर्नलला पाठवताना नाव-गाव काढलं की पुरतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईच्या कॉलेजातून मानसोपचारात एम.डी. चालू आहे, जिल्हा निवासी कार्यक्रमात तीन महिन्यांसाठी कोकणातल्या जिल्हा रुग्णालयात पोस्टिंग आहे. शिमग्यात पालखीसमोर अंगात आल्यापासून सुरू झालेली एक केस इथे पाहिली, रिपोर्ट लिहून तयार आहे. नाव-गाव काढलंय, तरी संमती लागते का? एचओडींचं, म्हणजे विभागप्रमुखांचं, नाव घालावंच लागेल का? आणि सात दिवसांत छापतो म्हणणाऱ्या जर्नलला पाठवू का?

संमती लागते. नाव, गाव, केस पेपरचा नंबर सगळं काढलंत तरी लागते, आणि तुमच्या केसमध्ये तर जास्तच. मी सिंधुदुर्गात मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो, जर्नलांसाठी रिव्ह्यूअरचं, म्हणजे आलेले लेख छापण्याआधी तपासण्याचं, कामही करतो. कोकणातली केस हाती आली की मी आधी निदान वाचत नाही. हा माणूस मला ओळखता येतोय का, ते बघतो. बऱ्याचदा येतो.

तुमचा मजकूर मी वाचलेला नाही, पण अशा रिपोर्टची सुरुवात साधारण कशी असते ते सांगतो. ‘गुहागर तालुक्यातील ३४ वर्षांची, मच्छीमार कुटुंबातील विवाहित स्त्री, दोन मुली, पती आखातात नोकरीस, शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी अंगणात आली असता अंगात आले, त्यानंतर तीन आठवडे...’ यात नाव कुठेच नाही. पण पालखी कुठल्या दिवशी कुणाच्या अंगणात होती आणि तिथे काय झालं, हे वाडीत लहान पोरालाही ठाऊक असतं. नवरा आखातात, दोन मुली, वय चौतीस, एवढ्यावर बंदरावर कुणीही नाव सांगेल. शिवाय लेखकांच्या नावाखाली तुमच्या रुग्णालयाचं नाव छापलं जाणार, म्हणजे जिल्हा कळला. तुमचं पोस्टिंग तीन महिन्यांचं, म्हणजे साल आणि महिनाही कळला. जर्नल ओपन अ‍ॅक्सेस म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारं असेल तर परळला राहणारा तिचा दीर फोनवर हे सगळं वाचू शकतो, आणि भाषांतर करून गावच्या ग्रुपवर टाकूही शकतो.

म्हणून एकेका तपशिलाला विचारा: निदान याच्यावर उभं आहे का? नसेल तर तो जाऊ दे. ३४ऐवजी ‘तिशीतली’ चालतं. तालुक्याऐवजी ‘किनारपट्टीवरचं गाव’ पुरतं. मच्छीमार कुटुंब हे केसच्या आकलनाला लागत नसेल तर काढा. नवरा दूर असणं हा ताणाचा भाग असेल तर ‘पती दीर्घकाळ घरापासून लांब’ इतकं ठेवा, आखाताचं नाव नको.

पण काढणं वेगळं आणि बदलणं वेगळं. ओळख लपवावी म्हणून दोन मुलींच्या जागी एक मुलगा लिहिला, असं काही जण सर्रास करतात. ते करू नका. मुलगा नाही म्हणून घरात होणारी बोलणी हाच कदाचित त्या आजाराचा ताण असेल, आणि मानसोपचारात सामाजिक तपशील हाच आपला पुरावा असतो. रक्ताचा रिपोर्ट बदलण्याइतकंच ते गंभीर आहे. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई, तिच्या शिफारशीही हेच सांगतात: अनावश्यक ओळखखुणा गाळा, पण बदल केलेत तर शास्त्रीय अर्थ बिघडलेला नाही याची हमी द्या. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी लावणं पुरेसं नाही, हेही तिथे स्पष्ट आहे. अनामिकता टिकेल की नाही अशी शंका जरी आली तरी संमती घ्यायची, आणि ओळखू येईल अशा पेशंटला छापायचा मजकूर दाखवायचा. तुमच्या केसमधली पालखी तर काढताच येणार नाही, कारण तीच केस आहे. म्हणजे शंका राहणारच.

कायद्याचंही बघा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७च्या कलम २३ने पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलाय. कलम ९९मध्ये केस नोट्सवरच्या अभ्यासाला अनामिकतेच्या अटीवर वाट आहे, आणि रेसिडेंट तेवढंच वाचून निश्चिंत होतात. पण ती वाट जे संमती देऊच शकत नाहीत त्यांच्या नोट्सपुरती आहे. तुमची पेशंट बरी होऊन फॉलोअपला येत असेल तर ती संमती देऊ शकते, आणि नाकारूही शकते.

आता संमती घ्यायची कशी, यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण फॉर्मवर सही असते पण संमती नसते असं मी फार पाहिलंय. अ‍ॅडमिशनच्या वेळी घेतलेली ‘उपचार व संशोधनासाठी’ अशी एकत्रित सही इथे चालणार नाही. पेशंट आजारी असताना घेतलेली नको. सोबत आलेल्या दिराची तर नकोच. ती बरी असताना, तिच्याशी एकटीशी बोलून, तिच्या बोलीत समजावून घ्यायची. जिच्या गोळ्या तुमच्या हातात आहेत ती तुम्हाला तोंडावर नाही म्हणणार नाही, म्हणून शक्य असेल तर विचारण्याचं काम उपचार न करणाऱ्या कुणाकडे द्या, समाजसेवा अधीक्षकांकडे किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे. उत्तर त्याच दिवशी मागू नका, पुढच्या फॉलोअपपर्यंत वेळ द्या. हे इंटरनेटवर जाणार, कुणालाही वाचता येणार, छापण्याआधी कधीही मागे घेता येईल पण छापून झाल्यावर ते परत आणता येणार नाही, आणि नाही म्हटलं तरी उपचारात काही फरक पडणार नाही, हे चारही मुद्दे बोलून दाखवा.

आणि मजकूर वाचून दाखवा. इंग्रजीतला नव्हे, त्याचा मराठीत अर्थ सांगत. माझ्या एका पेशंटला मी असा वाचून दाखवला होता. स्वतःच्या आजाराबद्दल तिची काही हरकत नव्हती. सासूबद्दलच्या एका वाक्यावर मात्र तिने मला थांबवलं: ‘डॉक्टरांनु, नाव नाय घातलास म्हणान काय झाला? माका सासू एकच आसा.’ मी ते वाक्य काढलं. कौटुंबिक इतिहास लिहिताना आपण ज्यांना कधी भेटलोही नाही अशा माणसांबद्दल लिहीत असतो, आणि त्यांची संमती आपल्याकडे नसते. मामाची आत्महत्या, बापाची दारू, जावेचं माहेरी निघून जाणं यातलं निदानाला लागतं तेवढंच ठेवा.

मजकुराच्या खरेपणाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. आयसीडी-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अंगात येण्याशी संबंधित विकार वेगळा नोंदलाय, आणि तो अनुभव मान्य धार्मिक किंवा सांस्कृतिक प्रथेचा भाग असेल तर त्याला विकार म्हणायचं नाही, हेही तिथेच आहे. शिमग्यात पालखीसमोर अंगात येणं कोकणात कुणी आजार मानत नाही. तेव्हा नेमकं कधी, कशावरून ते आजार झालं, हे रिव्ह्यूअर पहिल्यांदा विचारणार. घरच्यांनी काय पाहिलं, झोप-जेवण कधी बिघडलं, प्रसंग संपल्यावरही ती भानावर येत नव्हती का, हे तारीखवार लिहा. दुसरं, बहुतेक घरांत आपल्या गोळ्या चालू असतानाच देवळात गाऱ्हाणं घातलेलं असतं, देवरशाकडेही जाऊन आलेले असतात. रिपोर्टमध्ये मात्र ‘औषधाने सहा आठवड्यांत सुधारणा’ एवढंच उरतं. दोन्ही लिहा. औषध लागू पडलं नसेल तर तेही लिहा. आपल्या शाखेत चांगला निकाल तेवढा छापायची किंमत फार मोठी ठरलीय. २००८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेकडे, एफडीएकडे, नोंदलेल्या नैराश्यविरोधी औषधांच्या ७४ चाचण्यांचा हिशेब आला. छापील लेखांवरून पाहिलं तर ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसत होत्या. एफडीएच्या मूल्यांकनात यशस्वी होत्या ५१ टक्के. केस रिपोर्टसाठी २०१३पासून केअर नावाची मार्गदर्शक यादी आहे, तिच्यात उपचारांचा कालक्रम आणि पेशंटचं स्वतःचं म्हणणं असे दोन्ही मुद्दे आहेत. तिच्या तोंडचं वाक्य संमतीने घाला. माझ्या मते रिपोर्टचा तो सगळ्यात मोलाचा भाग असतो.

एचओडींच्या नावाबद्दल. आयसीएमजेईचे चार निकष आहेत आणि चारही पूर्ण व्हावे लागतात: कल्पना, आखणी, माहिती गोळा करणं किंवा तिचा अर्थ लावणं यात ठोस वाटा, मजकूर लिहिणं किंवा त्यात गंभीर दुरुस्ती, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि संपूर्ण मजकुराची जबाबदारी घेणं. विभागप्रमुख असणं हा निकष नाही. सरांनी मसुदा वाचून निदानावर प्रश्न उभे केले, दुरुस्त्या केल्या, तर ते लेखक होऊ शकतात. नुसती परवानगी दिली असेल तर आभारात, त्यांना विचारून. तुमची अडचण मला कळते. तीन वर्षं ज्यांच्या हाताखाली काढायची त्यांना रेसिडेंटने नाही म्हणणं सोपं नसतं. म्हणून नाही म्हणूच नका. मसुदा आणि जर्नलचा लेखकांच्या योगदानाचा फॉर्म सोबत पाठवा आणि ‘सर, आपला वाटा कोणत्या रकान्यात लिहू?’ असं विचारा. बरेच वरिष्ठ यानंतर खरोखर मसुदा वाचायला घेतात.

पण मला जास्त काळजी वेगळ्या नावाची आहे. त्या बाईला वर्षानुवर्षं पाहणारे जिल्हा रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ तुमच्या यादीत आहेत का? तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेखच नाही. मुंबई-पुण्याचे रेसिडेंट येतात, तीन महिन्यांत चांगली केस घेऊन जातात, आणि लेखात नावं येतात ती कॉलेजातल्यांची. ज्याने निदान केलं, उपचार केले, त्याला मसुदा वाचण्याची आणि लेखक होण्याची संधी देणं तुमच्यावर बंधनकारक आहे, तीही त्याच शिफारशींनुसार. नाव कुणाचं आणि काम कुणाचं यातली फारकत किती लांब जाते, ते पॅरॉक्सेटिन या नैराश्यविरोधी औषधाच्या ‘स्टडी ३२९’ने दाखवलं. किशोरवयीन मुलांवरची ती चाचणी २००१ साली २२ लेखकांच्या नावाने आली आणि औषध परिणामकारक व सुरक्षित असल्याचं तिने म्हटलं. पहिला मसुदा कंपनीने पैसे देऊन नेमलेल्या लेखनसंस्थेत तयार झाला होता. २०१५मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये मूळ आकड्यांचं पुनर्विश्लेषण आलं तेव्हा औषध परिणामकारक नव्हतं, आणि आत्महत्येचे विचार व वर्तन यांसह अपाय जास्त होते. त्या २२ जणांपैकी किती जणांनी मूळ आकडे नीट पाहिले असते तर हे थांबलं असतं, असा विचार माझ्या मनात दर वेळी येतो.

सात दिवसांत छापणाऱ्यांचं मी पटकन संपवतो. सात दिवसांत पीअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणी, होत नाही. अशा ठिकाणी एकदा छापून आलं की तीच केस दुसऱ्या जर्नलला देता येत नाही, आणि मागे घ्यायची म्हटलं तर त्याचेही पैसे मागतात. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीचं ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’ आणि तिच्या विभागीय शाखांची जर्नल्स आहेत. त्यांच्या लेखकांसाठीच्या सूचना आधी वाचा, कारण केस रिपोर्ट सगळे घेतातच असं नाही, कुठे तो संपादकांना पत्र म्हणून चालतो. एका वेळी एकाच जर्नलला पाठवा. परिषदेत पोस्टर केलं असेल तर कव्हर लेटरमध्ये सांगा. इंग्रजी सुधारायला एआय वापरलं तर तसं नमूद करा, पण पेशंटच्या नोट्स त्यात टाकू नका. पेशंटबद्दल लिहिताना ‘स्किझोफ्रेनिक’ नव्हे, ‘स्किझोफ्रेनिया असलेली व्यक्ती’ असं लिहा. मोजणीसाठी एमएमएसईसारखी (स्मरणशक्ती-आकलन तपासणारी) चाचणी छापणार असाल तर तिचे हक्क राखीव आहेत, परवानगी लागते. एका केससाठी एथिक्स कमिटीची मंजुरी काही संस्थांत लागते, काहींत सूटपत्र मिळतं. तुमच्या कॉलेजच्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या अशा दोन्ही ठिकाणी विचारा.

पोस्टिंग संपायच्या आत संमतीचं काम उरका. मुंबईला गेल्यावर फोनवरून घेतलेली संमती मी रिव्ह्यूअर म्हणून मान्य करत नाही. सही केलेला कागद जर्नलला पाठवायचा नसतो, कारण त्यावर तिचं नाव असतं. जर्नलने वेगळं काही मागितलं नसेल तर संमती घेतल्याचं विधान लेखात घाला, मूळ प्रत रुग्णालयाच्या केस पेपरला लावा, एक प्रत तिला द्या. ती नाही म्हणाली तर ही केस छापायची नाही. एम.डी.साठी दुसरी केस मिळेल, आणि फॉलोअपच्या दिवशी ती पुन्हा ओपीडीत यायला हवी.