मधुमेह नवा, तरी डोळ्यांची तपासणी आत्ताच

प्रश्न : माझे वय ५२ असून गेल्या महिन्यात टाइप २ मधुमेहाचे निदान झाले. फलाटावरचा इंडिकेटर मला लांबूनही स्पष्ट वाचता येतो. तरीही डॉक्टरांनी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला सांगितले आहे. इतकी घाई कशासाठी? – एक वाचक, भांडुप

उत्तर : ही तपासणी कृपया लांबणीवर टाकू नका. टाइप २ मधुमेह कळतो आत्ता, परंतु रक्तातील साखर अनेकदा त्याआधी काही वर्षे वाढलेली असते आणि त्या काळात दृष्टिपटलावरील (म्हणजे डोळ्याच्या पडद्यावरील) अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या कमकुवत होऊन त्यांना बारीक फुगवटे येतात, त्यांतून द्रव किंवा रक्त झिरपते. दृष्टिपटलाच्या मध्यभागाला सूज येईपर्यंत नजर उत्तम राहू शकते. त्यामुळे इंडिकेटर वाचता येणे हा पडदा निरोगी असल्याचा पुरावा नव्हे. शिवाय उपचारांनी साखर झपाट्याने उतरल्यास पडद्याचा आधीचा विकार काही काळ बळावू शकतो, म्हणून पडद्याची आजची स्थिती ठाऊक असलेली बरी. तपासणीसाठी डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन डोळ्यांना सहन होत नाही. तेव्हा सोबत कोणाला तरी न्यावे व स्वतः गाडी चालवू नये. जे. जे. किंवा केईएम रुग्णालयाच्या नेत्रविभागातही ही तपासणी होते.