फायटरचं पोट फुगलंय, काय करू?

प्रश्न : महिन्यापूर्वी निळा फायटर मासा आणला. तो तीन लिटरच्या काचेच्या बाऊलमध्ये आहे. दिवसातून तीनदा चिमूटभर दाणे घालते, दर रविवारी सगळं पाणी ओतून बाऊल घासते. चार दिवसांपासून त्याचं पोट फुगलंय, तळाशी पडून असतो. काय चुकतंय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी माशाला वरून नीट बघा. खवले अंगाला चिकटलेले असतील आणि पोटच तेवढं फुगलं असेल, तर बहुधा खाणं जास्त झालंय. खवले अननसाच्या सालीसारखे उभे राहिले असतील, तर अंगात पाणी साचलंय. त्यातून मासा क्वचितच वाचतो.

पोटच फुगलं असेल तर दोन-तीन दिवस काहीही घालू नका. धडधाकट फायटर एवढा उपास सहज काढतो. पाणी 27 अंशांच्या आसपास ठेवा, गारठ्यात पचन मंदावतं. उकडलेला वाटाणा द्या, असं पुष्कळ जण सांगतात. आम्ही सांगणार नाही. फायटर किडे-अळ्या खाणारा मासा आहे. उपासानंतर दोन-चार डासांच्या अळ्या किंवा डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) द्या.

चमचाभर पाण्यात चार दाणे टाकून दहा मिनिटांनी बघा, ते टम्म फुगलेले दिसतील. माशाचं पोट अगदी लहान असतं, आणि कोरडा दाणा पोटात गेल्यावरही फुगतोच. म्हणून बारीक दाणे आधी भिजवून सकाळी दोन-तीन, संध्याकाळी दोन-तीन, एवढंच द्या. आठवड्यातून एक दिवस उपास. घातल्यावर दोन मिनिटांत खाल्ला नाही तो दाणा काढून टाका. तो कुजला की अमोनिया होतो. तळाशी पडून राहणं त्या अमोनियामुळेही असू शकतं.

बाऊल मात्र बदलाच. तीन लिटर पाणी बघता बघता खराब होतं, आणि दर रविवारी तुम्ही अमोनिया पचवणारे जिवाणूही घासून काढता. निदान 15 ते 20 लिटरची टाकी आणि हळू चालणारा स्पंज फिल्टर घ्या. नव्या टाकीत जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात; तोवर दर दोन-तीन दिवसांनी पाव भाग पाणी बदला, नंतर आठवड्यातून एकदा पुरे. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाचं पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवून, त्याचा गारवा गेल्यावरच घाला. पावसाळ्यात पाणी गढूळ होतं, तेव्हा क्लोरीनचा वास आला तर हायपो (क्लोरीन घालवणारं औषध) वापरा. प्रमाण पाकिटावर असतं.

प्रश्न : डासांच्या अळ्या घरीच केल्या तर चालतील का?

उत्तर : चालतील, फायटरला त्या फार आवडतात. पण गाळणीने रोज काढायला हव्यात. आठवडा-दहा दिवसांत त्यांचे डास होऊन उडतात आणि डेंग्यू घरातच पाळल्यासारखं होतं. रोज लक्ष देणं जमणार नसेल तर गोठवलेल्या अळ्या आणा. रंकाळ्यातलं किंवा नाल्यातलं खाद्य नको, त्यातून परजीवी येतात.

प्रश्न : डिसेंबरपासून मासा खातच नाही. हीटर लागतोच का?

उत्तर : लागतो. आपल्याकडे थंडीत पहाटे पारा 15 अंशांच्या आसपास उतरतो आणि लहान टाकी लगेच गार पडते. फायटरला 24 ते 28 अंश लागतात. 20 लिटरला 25 वॉटचा, थर्मोस्टॅट असलेला हीटर पुरतो. 26 वर लावा. पाणी काढण्याआधी 15 मिनिटं प्लग काढून ठेवा, गरम काच उघडी पडली की तडकते.

प्रश्न : दोन नर एका टाकीत राहतील का? झाकण हवंच का?

उत्तर : दोन नर अजिबात नकोत, कल्ले पसरून भिडतात आणि एखादा मरतो. झाकण हवंच, कारण हा मासा उडी मारतो. पण पाणी काठापासून तीन-चार सेंटीमीटर खाली ठेवा आणि झाकणात हवेला वाट ठेवा. फायटर वर येऊन हवाही घेतो. ती वाट बंद झाली तर तो गुदमरतो.